ऑस्कर बार्नाक आणि वर्गाचा फोटो

ऑस्कर बार्नाक यांचा जन्म १८७९ साली जर्मनीत झाला. त्यांना दम्याचा विकार होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन फिरणे त्यांना झेपत नसे. वेट्झलर गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात असताना त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा एक लहानसा कॅमेरा तयार केला. सिनेमाची चौकट १८×२४ मिलिमीटरची. ती अपुरी वाटून त्यांनी दुप्पट केली, २४×३६. हेच ते ३:२ प्रमाण. १९२५ मध्ये ‘लायका’ नावाने हा कॅमेरा बाजारात आला. १९३६ मध्ये बार्नाक वारले, प्रमाण मात्र टिकले. ४×६ इंची प्रिंट त्याच मापाची.

८×१० प्रिंटचे गणित वेगळे. तिथे ३:२ चा फोटो पूर्ण बसायला ८×१२ कागद लागतो. म्हणजे दोन इंच कापले जातात. वर्गाच्या फोटोत हे दोन इंच म्हणजे रांगेच्या दोन्ही टोकांची मुले! स्टुडिओवाले हे आपणहून सांगतातच असे नाही. म्हणून यंदा आम्ही ८×१२ प्रिंटच मागविणार आहोत. मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ असतो. तो ४×६ वर छापताना उंचीतला अर्धा इंच जातो, तेव्हा डोक्यावर थोडी जागा सोडूनच फोटो काढावा.