कोट उतरवण्याचा अधिकार कोणाला?

शहरी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून गेली काही वर्षे एक विषय वरचेवर डोके वर काढतो. सूट गेला, टाय गेला, कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट गेले. आता कचेरीतही लोक टी-शर्ट घालून येतात. कोणाला याचे दुःख होते, कोणाला आनंद. बातम्याही तशाच आहेत. ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात टाय नसली तरी चालेल, असे २०१७ साली सभापतींनी सांगून टाकले. गोल्डमन सॅक्स या अमेरिकेतील बड्या बँकेने २०१९ साली आपल्या नोकरांवरील सूटचे बंधन सैल केले. २०२० च्या मे महिन्यात करोनाच्या साथीमुळे न्यायालये पडद्यावर भरू लागली, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही वकिलांना काळा कोट व गाऊन काही काळ माफ केला. घरात बसून काम करण्याच्या त्या दिवसांनी उरलासुरला कोटही कपाटात टांगून ठेवला.

जग साधे झाले, असे म्हणून पुरवणीवाले मोकळे होतात. आम्हाला मात्र इतक्या सहज मोकळे होता येत नाही. आमच्या प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी एक पुतळा उभा आहे आणि त्या पुतळ्याच्या अंगात कोट आहे. तो कोट तेथवर कसा आला, हे माहीत असल्याशिवाय कोट जाण्याची चर्चा आम्ही तरी करू शकत नाही. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आज एका वेगळ्या बाजूने, त्यांच्या कपड्यांच्या बाजूने पाहू या.

सुरुवात मनुस्मृतीपासूनच करावी लागते. तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कोठे राहावे, कोणत्या भांड्यात खावे हे सांगताना त्यांनी काय नेसावे तेही सांगून ठेवले आहे. मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे त्यांनी वापरावेत आणि दागिने लोखंडाचे घालावेत. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या अंगावरच्या चिंध्या ही केवळ गरिबी नव्हती, तो हुकूम होता. गाठीला पैसा असूनही नवे कापड अंगावर घालता येऊ नये, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेला पहिले भगदाड पाडले पलटणीने. मालोजी सकपाळ लष्करात होते, त्यांचे चिरंजीव रामजी सुभेदारपदापर्यंत चढले. गावात ज्याला अंगभर कापड मिळत नव्हते, तो महार पलटणीत बटणे लावलेला गणवेश आणि बूट घालून ताठ उभा राहिला. पुढे इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली हा भाग वेगळा. पण सुभेदारांच्या घरात शिस्त आली, स्वच्छता आली, शिक्षण आले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले चौदावे अपत्य अशा घरात वाढले.

१९०१ सालची गोष्ट. भीमराव तेव्हा साताऱ्याला शिकत होते. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात राहत. त्यांनी सुटीत मुलांना आपल्याकडे बोलावले. पहिलाच आगगाडीचा प्रवास! घरात केवढी धांदल! इंग्रजी पद्धतीचे नवे सदरे शिवले, जरीच्या चमकदार टोप्या आल्या, रेशीमकाठी धोतरे आली, नवे जोडे आले. मुले मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे न्यायला कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला. कपडे पाहून त्याला ही ब्राह्मणाचीच मुले वाटली. एका मुलाच्या तोंडून आम्ही महार आहोत हे शब्द गेले मात्र, मास्तरचा चेहरा पालटला आणि तो मागे सरकला. बैलगाडीवाले गाडी द्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, पण अटीवर. गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. ती रात्र मुलांनी पाण्याच्या थेंबावाचून काढली. बाबासाहेबांनी ही हकीकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे आणि तीत नव्या कपड्यांची यादीही दिली आहे. इतक्या वर्षांनी त्यांना सदरा, टोपी आणि धोतराचा काठसुद्धा आठवत होता, हे आम्हाला फार बोलके वाटते.

नव्या कपड्यांनी मुलांना चार घटका माणूस म्हणून वागवून घेतले, आणि जात कळताच ते कपडे निकामी झाले.

पुढचे शिक्षण सर्वांना ठाऊक आहे. १९०७ साली मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेज, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, १९१६ साली लंडन. परदेशात कोट-पँट हा रोजचा वेश होता. तो घालणाऱ्याला तेथे कोणी जात विचारत नव्हते. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली ते परतले, बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. अंगात साहेबी कपडे, पदरी अमेरिकेचे शिक्षण. तरी त्या शहरात राहायला एक खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला. काही दिवसांतच काठ्या घेतलेले पारशी दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. एका बागेत जाऊन बाबासाहेब रडले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. सूट होता, पण घर नव्हते.

तिसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता ते बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सभासद होते, सरकारने नेमलेल्या समितीच्या कामावर होते. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याचा टांगा हाकणे त्या गरीब टांगेवाल्याला कमीपणाचे वाटले! त्याने टांगा दिला, हाकायला तो आला नाही. वस्तीतल्या ज्या बांधवाने लगाम हातात धरला त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा कलंडला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. १९०१ ची बैलगाडी आणि १९२९ चा टांगा यांच्यामध्ये दोन खंडांतील विद्यापीठांच्या पदव्या होत्या. टांगेवाल्याला त्या दिसल्या नाहीत.

येथे कोणी विचारील की, कपड्यांनी जात जात नाही हे ज्यांनी तीनदा भोगले, त्यांनी सूट का सोडला नाही? आमचे उत्तर असे की, सूट जात घालवील या भ्रमात ते कधीच नव्हते. चिंध्या घालणे म्हणजे मनूचा हुकूम पाळणे होते आणि तो त्यांना पाळायचा नव्हता.

याचा पुरावा महाडला मिळतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ही दोन्ही पाने आपल्याला पाठ आहेत. त्याच डिसेंबरात परिषदेला आलेल्या आयाबहिणींपुढे बाबासाहेब जे बोलले, त्याकडे आमच्या वक्त्यांचे लक्ष कमी जाते. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून नेसण्याची रीत आणि अंगावर लादलेले जाडजूड दागिने या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका, असे त्यांनी सांगितले. कापड जुने असो, फाटके असो, ते स्वच्छ असू द्या, म्हणाले. मुलींना शाळेत घाला, हेही त्याच भाषणात सांगितले. आणि त्या माउलींनी उद्यावर ढकलले नाही. लुगडी घोट्यापर्यंत नेसण्याची नवी रीत तिथेच शिकून घेतली. टिपणीस आणि चित्रे या सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली. मनुस्मृती कागदावर जळाली ती एका रात्रीत. ती अंगावरून उतरवली या बायांनी. या घटनेला आम्ही तळ्याच्या सत्याग्रहाइतकेच मोठे मानतो. कोणाला अतिशयोक्ती वाटली तर वाटो.

विरोधकांनाही कपड्यांचा अर्थ कळत होता. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी इंदूरकडील बलाई समाजाची हकीकत दिली आहे. गावच्या सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले होते. जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. नियम न पाळणाऱ्यांवर जुलूम झाला, गाव सोडण्याची पाळी आली. धोतराच्या काठासाठी!

गोलमेज परिषदेची छायाचित्रे आजही पाहावीत. १९३१ साली गांधीजी लंडनच्या थंडीत पंचा नेसून, वर शाल पांघरून गेले, राजवाड्यातही तसेच गेले. बाबासाहेब सूटमध्ये बसले. त्यावरून एक भारतीय आणि दुसरा साहेबी, असा शेरा मारण्याची तेव्हापासूनची फॅशन आहे. पण ज्या १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला त्याच साली गांधीजी लंडनला बॅरिस्टर झाले होते. सूट त्यांनी मनसोक्त घातला होता, मग १९२१ साली मदुरेला पंचा स्वीकारला. ज्याच्याजवळ असते तोच टाकू शकतो. ज्याच्या बापजाद्यांना पंचाच नेसवला गेला, त्याने लंडनला जाऊन पुन्हा पंचाच नेसला असता तर त्याला त्याग कोण म्हणाले असते?

उलट उदाहरणही आमच्याच परंपरेत आहे. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले आणि रयतेची खरी दशा राजपुत्रापुढे मांडली. बाबासाहेबांचे गुरू शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि शिष्य सूटमध्ये गेला. कोठे काय घालायचे हे दोघांनीही स्वतः ठरवले, समोरच्याला ठरवू दिले नाही.

सूटचे बाबासाहेबांना वेड होते असेही नाही. घरी सैल सदरा आणि लुंगी असे. ग्रंथांच्या ढिगाऱ्यात बसणाऱ्या माणसाला टायची काय गरज? कोर्टात, कौन्सिलात, १९४२ पासून मजूरमंत्री म्हणून, पुढे कायदेमंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून मात्र पोशाख चोख. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, आयुष्यातील सर्वांत मोठ्या दिवशी, त्यांनी सूट घातला नाही. पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून ते दीक्षेला उभे राहिले. समोरचा लाखोंचा समुदाय पांढऱ्या वस्त्रांत होता. त्या दिवसांत नागपूरच्या दुकानांतून पांढरी लुगडी संपली होती, असे जुनी माणसे सांगत. मनूने ज्यांना प्रेतांवरची कापडे नेसवली त्यांनी त्या दिवशी कोरे पांढरे कापड विकत घेतले. दोनच महिन्यांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

आता पुन्हा पुरवणीतल्या विषयाकडे. टी-शर्ट घालून कंपनीत जाणे ही आजची समता आहे, असे आमच्या तरुण मित्रांना सांगितले जाते. तेथे साहेब आणि कारकून एकाच वेशात असतात, हे खरे आहे. आम्हालाही ते आवडते. पण फाटकी जीन्स घालून गेलेल्या एखाद्या जोशी-कुलकर्ण्याच्या मुलाला लोक बेफिकीर, हुशार म्हणतात. आमचा मुलगा तसाच गेला तर त्याला काय म्हणतात, हे मुलाखत देऊन आलेल्या पोरांना विचारावे. त्यांच्या आया अजूनही आदल्या रात्री शर्टाला स्वतः इस्त्री करतात, कॉलरचा आतला भाग दोनदा पाहतात. ते मागासलेपण नव्हे, अनुभव आहे.

आणि हे सारे शहरापुरते. गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील मोटा गावात २०२३ च्या मे महिनाअखेर एका दलित तरुणाला मारहाण झाली. आरोप काय, तर चांगले कपडे आणि गॉगल घातला. बलाईंच्या धोतरापासून या गॉगलपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली.

आमच्या वस्तीत एक शिंपी होते. १३ एप्रिलची रात्र ते जागून काढत. कोणाचा सदरा, कोणाची पँट, पोरांचे निळे कोट. एका पोराच्या बापाकडे शिलाईचे पैसे नव्हते तर कोट तसाच दिला आणि हिशेबाच्या वहीत काहीच लिहिले नाही. ते आता नाहीत, दुकानही नाही. कपडे तयार मिळतात. गेल्या जयंतीला त्यांचा नातू भेटला, संगणकाच्या कंपनीत आहे, टी-शर्ट घालून कामाला जातो. मिरवणुकीला मात्र कोट घालून आला होता. उन्हाने घामाघूम झाला होता, तरी शेवटपर्यंत त्याने तो काढला नाही.