दुखावलेल्या हाताचा संगीतकार : रॉबर्ट शूमान

गायकाला जसा गळा, तसा वादकाला हात. गळा बसला तर गायकाचे चार दिवस वाया जातात. पण हात कायमचा दुखावला तर वादकाच्या साऱ्या आयुष्याची दिशाच बदलते. आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरांतील कित्येक मुले आज क्लॅरिनेट, सनई वा पेटी वाजवितात. पाथरीस लग्नसराई सुरू झाली की परण्यापासून रात्रीच्या वरातीपर्यंत क्लॅरिनेट हातातून खाली ठेवावयास सवड मिळत नाही. अशा वेळी एखाद्या मुलाने मनगट दुखत असल्याचे सांगितले, तर वाजवून वाजवून आपोआप बरे होईल, असे म्हणून वडीलधारी माणसे मोकळी होतात. हा समज किती घातक ठरू शकतो, आणि तरीही त्या आघातातून मनुष्य कसा उभा राहू शकतो, या दोन्ही गोष्टी एका थोर जर्मन संगीतकाराच्या चरित्रावरून उत्तम प्रकारे ध्यानात येतात. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

रॉबर्ट शूमान याचा जन्म 8 जून 1810 रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात झ्विकाऊ या गावी झाला. वडील ग्रंथविक्रेते व प्रकाशक होते. त्यामुळे ग्रंथ आणि संगीत या दोहोंची गोडी त्यास बालपणीच लागली. रॉबर्ट सोळा वर्षांचा असताना पितृछत्र हरपले. मुलाने कायद्याचा अभ्यास करून स्थिर जीवन जगावे, अशी आईची इच्छा होती. तीस मान देऊन तो 1828 मध्ये लाइपझिग येथे व पुढे हायडेलबर्ग येथे कायदा शिकावयास गेला खरा. परंतु त्याचे मन कायद्याच्या पुस्तकांत न रमता पियानोच्या पट्ट्यांवरच रमत असे. 1830 मध्ये पागानिनी या विख्यात व्हायोलिनवादकाचे वादन त्याने ऐकले आणि त्याचा निश्चय झाला. फ्रीड्रिख व्हीक या नामांकित शिक्षकाने तीन वर्षांत या मुलास श्रेष्ठ वादक करून दाखविण्याची हमी आईस दिली, तेव्हा कोठे तिने नाइलाजाने संमती दिली.

येथेच संकटाचे बीज पडले. रॉबर्टचे वय वीस वर्षांचे झाले होते. ज्यांनी लहानपणापासून शिस्तीने मेहनत केली, त्यांच्या मानाने आपण मागे पडलो आहोत, ही टोचणी त्यास स्वस्थ बसू देईना. हातून गेलेली वर्षे थोड्या महिन्यांत भरून काढावयाची, या हट्टाने तो तासन् तास रियाज करू लागला. उजव्या हाताचे मधले बोट मनासारखे चालेना, म्हणून त्या बोटाच्या व्यायामासाठी त्याने एक यांत्रिक साधन वापरावयास घेतले. हाताची तक्रार त्यापूर्वीच सुरू झाली होती. परंतु हात थकला असता त्यास विश्रांती देण्याऐवजी त्याने त्यावर अधिकच सक्ती केली. 1832 साल संपेपर्यंत ते बोट वादनास जवळजवळ निकामी झाले.

त्याने उपाय करण्यात कसूर केली नाही. दारूच्या पट्ट्या बांधल्या, विजेचे उपचार घेतले, होमिओपथीची औषधे घेतली. इतकेच नव्हे, तर त्या काळच्या समजुतीप्रमाणे नुकत्याच मारलेल्या जनावराच्या आतड्यांत हात घालून बसण्याचा किळसवाणा उपायही त्याने करून पाहिला. कशाचाच गुण आला नाही. या विकाराच्या कारणाविषयी वैद्यांत अद्यापही मतभेद आहेत. कोणी त्या यंत्रास दोष देतात, तर कोणी पाऱ्याच्या औषधास. आजच्या मज्जातंतुतज्ज्ञांपैकी अनेकांचे मत असे की, एकच हालचाल अतोनात केल्याने मेंदूकडून बोटांस जाणाऱ्या आज्ञांचाच घोटाळा होतो. मग एरव्ही सर्व कामे करणारे बोट वाद्यावर ठेवताच आज्ञा पाळीनासे होते. मूळ कारण कोणतेही असो, हाताने दिलेली सूचना मानली गेली नाही, एवढे मात्र खरे.

बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाच्या सर्व आशा अशा रीतीने धुळीस मिळाल्या. पण शूमान तेथेच बसून राहिला नाही. हाताने जे व्हावयाचे नाही, ते त्याने बुद्धीने आणि लेखणीने करावयाचे ठरविले. 1834 मध्ये लाइपझिग येथे त्याने सहकाऱ्यांसह एक संगीतविषयक नियतकालिक सुरू केले व पुढे दहा वर्षे ते चालविले. शोपँ आणि ब्राम्स या दोन थोर रचनाकारांची ओळख जगास करून देणाऱ्यांत त्याच्या लेखणीचा वाटा मोठा आहे. स्वतःस जे वाजविता येणार नाही, ते इतरांनी वाजवावे म्हणून त्याने लिहिले. पियानोसाठी रचलेली त्याची 'कार्निव्हल' व 'बालपणीची दृश्ये' ही कामे याच काळातील होत.

त्याच्या रचना लोकांपुढे आणणारे हात होते क्लाराचे. ती गुरू व्हीक यांचीच कन्या व असामान्य पियानोवादक. या विवाहास पित्याचा कडवा विरोध असल्याने प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर 12 सप्टेंबर 1840 रोजी उभयतांचा विवाह झाला. त्या एका वर्षात शूमानने शंभराहून अधिक गीते रचली. पुढील वर्षी त्याची पहिली सिंफनी मेंडेलसोनच्या संचालनाखाली वाजविली गेली.

क्लॅरिनेट वाजविणाऱ्यांनी तर शूमानचे विशेष ऋण मानावयास हवे. फेब्रुवारी 1849 मध्ये ड्रेस्डेन येथे अवघ्या दोन-तीन दिवसांत त्याने क्लॅरिनेट व पियानो यांसाठी तीन छोट्या रचना लिहिल्या. त्या एकामागून एक, मध्ये न थांबता वाजवावयाच्या असल्याने वादकाच्या श्वासाची कसोटी लागते. जगभरचे क्लॅरिनेटवादक आजही त्या वाजवितात. ज्याचा हात गेला, त्याने इतरांच्या हातांस असे काम दिले.

शूमानचा अंत करुण झाला. मनाचा आजार बळावून 1854 मध्ये त्याने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. लोकांनी त्यास वाचविले. परंतु पुढील दोन वर्षे बॉनजवळच्या रुग्णालयात काढून 29 जुलै 1856 रोजी तो निवर्तला. क्लाराने मुलांचा सांभाळ आपल्या वादनावर केला. पुढे तिचाही हात असह्य दुखू लागला. तेव्हा तिने जाहीर कार्यक्रम दीर्घकाळ बंद ठेवले, कील येथील शल्यवैद्य एस्मार्ख यांचे उपचार घेतले आणि मगच ती पुन्हा व्यासपीठावर आली. 1891 पर्यंत ती लोकांपुढे वाजवीत राहिली. पतीने सक्ती केली आणि हात गमावला. पत्नी वेळीच थांबली आणि हात राखला.

आपल्याकडेही पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे डोळे लहानपणी दारूकामाने दुखावले व शालेय शिक्षण थांबले. परंतु मिरजेस बाळकृष्णबुवांपाशी जाऊन त्यांनी संगीताची कास धरली आणि 1901 मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. एक वाट बंद झाली म्हणजे सर्वच वाटा बंद होत नाहीत, हे उभयतांनी दाखविले.

तथापि, असलेली वाट जपणे हे अधिक शहाणपणाचे. क्लॅरिनेटचे वजन सुमारे पाऊण किलो असून ते बहुतांशी उजव्या अंगठ्यावर पेलले जाते. वाद्य धरताना मनगट वाकडे राहिले की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. म्हणून मनगट शक्य तितके सरळ ठेवावे, बोटे छिद्रांवर हलकी टेकवावी, वाद्याचा भार गळ्यात अडकविलेल्या पट्ट्यावर घ्यावा, आणि अर्ध्या तासाच्या वादनानंतर पाच मिनिटे हात मोकळे सोडावे. मुंग्या येऊ लागल्या, बोट बधिर झाले किंवा दुखणे रात्रीही राहिले, तर फडके करकचून बांधून सुपारी पुरी करण्यापेक्षा डॉक्टरांस हात दाखवावा. ते दिवस भरून निघेपर्यंत स्वर मनात घोळवावे, इतरांचे वादन ऐकावे, लहानांस शिकवावे. कारण त्या दिवसांतही विद्या वाढतच असते.

मुलगा हात दुखतो असे म्हणाला, तर त्यास आळशी न समजता त्याचे ऐकून घ्यावे, एवढीच आपल्या समाजातील मातापित्यांस विनंती आहे. वाद्य फुटले तर दुसरे आणता येते. हात मात्र परमेश्वराने दोनच दिले आहेत.