ऑपरेटरच्या हातातून फोन सोडवणारे अल्मन स्ट्रोजर

टेलिफोनच्या इतिहासात १० मार्च ही तारीख दोनदा येते. १८७६ साली याच दिवशी ग्रॅहम बेल यांनी तारेवरून आपल्या मदतनिसाला हाक मारली आणि ती त्याला ऐकू गेली. बरोबर पंधरा वर्षांनी, १० मार्च १८९१ रोजी, अल्मन ब्राऊन स्ट्रोजर यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. बेल यांचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. स्ट्रोजर हे नाव मात्र टेलिफोन खात्यातल्या जुन्या माणसांच्याच तोंडात राहिलं, कारण ज्या एक्स्चेंजमध्ये त्यांची नोकरी गेली त्याला स्ट्रोजर एक्स्चेंजच म्हणत. आज आपण नंबर लावतो आणि मध्ये कुणालाही न विचारता हव्या त्या माणसाशी बोलतो, त्याची सुरुवात या गृहस्थांनी केली.

स्ट्रोजर इंजिनिअर नव्हते. ११ फेब्रुवारी १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पेनफिल्ड या गावी त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ते सैन्यात होते, नंतर काही काळ शाळामास्तर. पुढे कॅन्सस भागात येऊन त्यांनी अंत्यविधीचा धंदा सुरू केला. शवपेटी, गाडी, दफनाची सगळी व्यवस्था हे त्यांचं काम. मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत त्यांचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता.

त्या काळी फोनला तबकडी नव्हती. फोन उचलला की एक्स्चेंजमधली ऑपरेटर बोलायची. कोण हवंय ते तिला सांगायचं, मग ती समोरच्या बोर्डावर हाताने वायर जोडून द्यायची. म्हणजे गावातल्या प्रत्येक दुकानाचं गिऱ्हाईक आधी तिच्या हातातून जायचं.

स्ट्रोजर यांच्या दुकानात फोन वाजेनासा झाला. गावात माणसं मरत होती, पण काम दुसऱ्याच दुकानाकडे जात होतं. असं सांगतात की, प्रतिस्पर्ध्याची बायकोच एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजर यांच्यासाठी आलेले कॉल ती नवऱ्याकडे जोडून द्यायची. ओळखीतला एक माणूस वारला, त्याचंही काम दुसऱ्याकडे गेलं, तेव्हा स्ट्रोजर यांना शंका आली, असंही सांगितलं जातं. ही गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते. एवढं खरं की, ऑपरेटरवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. तक्रारी करून भागेना, तेव्हा ही मधली व्यक्तीच काढून टाकायची असं त्यांनी ठरवलं.

त्यांची कल्पना अशी : कुठे जोडायचं हे ऑपरेटरने ठरवायचं नाही, ते फोन करणाऱ्याच्या बोटांनी ठरवायचं. नंबराचा एकेक आकडा म्हणजे यंत्राला दिलेला एकेक हुकूम. पुढे रुळलेल्या स्ट्रोजर यंत्रात एक लोखंडी दांडा असे. पहिला आकडा ४ असेल तर दांडा चार पायऱ्या वर चढे. दुसरा ७ असेल तर त्या ओळीत सात घरं आडवा फिरे. तिथे ४७ नंबरची तार वाट बघत असे. दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा घरं, अशी शंभर घरं. मोठ्या गावासाठी अशी यंत्रं एकापुढे एक लावायची. दुकान कुणाचं, नवरा कुणाचा, याच्याशी दांड्याला देणंघेणं नव्हतं.

पेटंटसाठी त्यांनी १८८९ मध्येच अर्ज केला होता. यंत्र उभं करायला पुतण्या वॉल्टरची मदत झाली. जोसेफ हॅरिस आणि मोझेस मेयर यांच्यासोबत १८९१ मध्ये कंपनी निघाली. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. सुमारे ७५ ग्राहक होते. तबकडी तेव्हाही नव्हती, आकड्याइतक्या वेळा बटण दाबावं लागे. बोटाने फिरवायची तबकडी १८९६ च्या सुमारास कंपनीतल्या कीथ आणि एरिक्सन बंधूंनी काढली.

शोध मोठा झाला, पण पैसा दुसऱ्यांनी कमावला. १८९६ मध्ये स्ट्रोजर यांनी आपली पेटंट १,८०० डॉलरना विकली, १८९८ मध्ये कंपनीतला हिस्सा १०,००० डॉलरना. त्याच पेटंटसाठी बेल कंपनीने १९१६ मध्ये २५ लाख डॉलर मोजले. ते बघायला स्ट्रोजर नव्हते. २६ मे १९०२ रोजी फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे वयाच्या ६३ व्या वर्षी ते वारले.

या शोधाची दुसरी बाजूही आहे. डॉक्टर कुठे गेलेत, आग कुठे लागलीय, हे ऑपरेटरला माहीत असे आणि अडल्यानडल्याला तिचा आधार असे. यंत्र आल्यावर हजारो बायकांचं हे काम हळूहळू गेलं. एका ऑपरेटरच्या लबाडीची किंमत बाकीच्या प्रामाणिक ऑपरेटरांनीही मोजली.

भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसलं. स्वातंत्र्यानंतर बंगळुरूच्या आयटीआय कारखान्यात स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंज तयार होऊ लागली. गावातल्या गावात नंबर फिरवता येऊ लागला, तरी बेळगावहून कोल्हापूरला किंवा बडोद्याहून पुण्याला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून ताटकळावं लागायचं. १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर एसटीडी सुरू झाली, मग ती हळूहळू सगळीकडे आली. बेळगाव ०८३१, गोवा ०८३२, कोल्हापूर ०२३१, इंदूर ०७३१, बडोदा ०२६५ हे कोड म्हणजे स्ट्रोजर यांचीच युक्ती. शून्याने गावाबाहेरचा रस्ता धरायचा, पुढच्या आकड्यांनी प्रदेश आणि शहर गाठायचं.

आता बोर्डही गेला आणि दांडाही गेला. कंपन्या, बँका, कॉलेजं स्वतःचा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग सर्व्हर ठेवतात. त्यात कॉल कुठे वळवायचा याचे नियम माणूसच लिहितो. अमुक आकड्याने सुरू होणारा नंबर मीटिंग रूमकडे, चार आकडी नंबर ऑफिसातल्या टेबलाकडे, उरलेले बाहेर किंवा थेट नकार. नियमांना प्राधान्यक्रम असतो. सर्व्हर वरून एकेक नियम तपासतो आणि सहसा जो आधी जुळेल तो लागू करतो. म्हणून नेमके नियम वर आणि सरसकट नियम खाली ठेवावे लागतात. सरसकट नियम चुकून वर बसला, तर एका शाखेचा कॉल दुसऱ्याच शाखेत जातो आणि सर्व्हरला त्यात काही चूक दिसत नाही. बाहेरून आलेल्याला पुन्हा बाहेर जायची वाट उघडी राहिली, तर परका माणूस आपल्या खर्चाने बोलतो.

यात कुणाची लबाडी नसते, पण नुकसान तसंच होतं. स्ट्रोजर यांचं गिऱ्हाईक तक्रार करायला आलं नाही, कारण त्याचं काम दुसरीकडे होऊन गेलं होतं. आजही चुकीच्या ठिकाणी गेलेला कॉल ज्याच्यासाठी होता त्याला कळतच नाही. म्हणून नियम लिहून झाले की प्रत्येक शाखेतून आणि बाहेरूनही एकेक कॉल लावून बघावा, आणि तो नेमका कुणी उचलला ते विचारावं.