डोळे कमजोर म्हणाले, तरी उडालाच!

तुम्ही एफवाय-एसवायला असाल, तर इंद्रलाल रॉय तुमच्याच वयाचा. जन्म कोलकात्याचा, 2 डिसेंबर 1898. शाळा लंडनची, सेंट पॉल्स. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो 15 वर्षांचा होता आणि डोक्यात एकच खूळ होतं, विमान उडवायचं.

हे किती अवघड होतं बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाचे 46 जवान त्या युद्धात गेले. म्हणजे शिपाई म्हणून मरायला भारतीय चालायचे. अधिकारी म्हणून मात्र दार जवळजवळ बंद. आणि पायलट म्हणजे बहुतेक करून अधिकारीच.

त्यात इंद्रलाल डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. पठ्ठ्यानं मोटारसायकल विकली, त्या पैशांत मोठ्या डॉक्टरकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि पास झाला! 1917 मध्ये तो रॉयल फ्लाइंग कॉर्प्समध्ये दाखल झाला.

त्याच डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये त्याचं विमान कोसळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर आल्यावर यानंच आतून दार बडवलं, असं सांगतात. डॉक्टरांनी उड्डाणाला अनफिट ठरवलं. बरा होईपर्यंत हा विमानांची चित्रं काढत बसला आणि पुन्हा उडू द्या म्हणून साहेबांच्या मागे लागला. जून 1918 मध्ये तो 40 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये परत आघाडीवर आला.

जुलैच्या जेमतेम दोन आठवड्यांत त्याच्या नावावर 10 विजय लागले. तेव्हा ब्रिटिश पायलटांना पॅराशूटही नसायचं. 22 जुलैला जर्मन विमानांशी झुंजताना त्याचं विमान पेटून पडलं. वय होतं 19. सप्टेंबरमध्ये मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय.

युद्ध तर इंग्रजांचं, मग आपल्याला त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. पण भारतीयांना विमान झेपणार नाही, हा समज इंद्रलालसारख्या मोजक्या पोरांनी मोडला. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर त्यांतलाच, तोही त्याच जूनमध्ये गेला.

पुढे 1932 मध्ये भारतीय हवाई दल उभं राहिलं. पायलटांच्या पहिल्या तुकडीत इंद्रलालचे भाचे होते, सुब्रतो मुखर्जी. 1954 मध्ये तेच हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मामा गेला तेव्हा ते 7 वर्षांचे होते.