पाइप नवऱ्याचा, धूर घरभर

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स जगाला ठाऊक आहे तो त्याच्या आज्ञेने झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरामुळे. तंबाखूविरुद्ध त्याने स्वतः लिहिलेल्या पुस्तिकेची आठवण सहसा कोणी काढत नाही. १५६६ मध्ये एडिंबराच्या किल्ल्यात जन्मलेला जेम्स तेरा महिन्यांचा असतानाच स्कॉटलंडचा राजा झाला. १६०३ मध्ये राणी एलिझाबेथ वारल्यावर इंग्लंडची गादीही त्याच्याकडे आली.

लंडनमध्ये तेव्हा मातीच्या पाइपमधून तंबाखू ओढण्याचे वेड होते. अमेरिकेतून आलेल्या या पानाला अनेक वैद्य औषध मानत. डोकेदुखी, दातदुखी, छातीचे विकार, सगळ्यांवर तोच उपाय! जेम्सला मात्र त्या धुराची मनस्वी चीड होती. १६०४ मध्ये, आधी स्वतःचे नाव न घालता, त्याने ही पुस्तिका छापली.

तिच्यातले सगळेच आज मान्य होणार नाही. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दलचा तुच्छभाव तिच्यात पानोपानी आहे आणि वैद्यकही जुन्या कल्पनांवर उभे आहे. पण राजाची नजर दोन ठिकाणी अचूक गेली. अट्टल तंबाखू ओढणाऱ्यांचे शव उघडल्यावर आत काजळी साचलेली दिसते, असे त्याने नोंदवले. दुसरी गोष्ट घरातली. जेवणाच्या टेबलावर धूर सोडणाऱ्यांना त्याने फटकारले आणि अशा नवऱ्याच्या बायकोची कोंडी मांडली. तिने एकतर स्वतःही पाइप धरावा, नाहीतर जन्मभर ती दुर्गंधी सोसावी. त्याची तक्रार दुर्गंधीची होती, आजाराची नव्हे. तरी न ओढणाऱ्या माणसाची बाजू एका राजाने मांडली, हे त्या काळात विशेषच.

त्याच वर्षी त्याने तंबाखूवरचा आयातकर पौंडामागे २ पेन्सांवरून ६ शिलिंग १० पेन्सांवर नेला, म्हणजे ४१ पट! चोरटा व्यापार फोफावला आणि काही वर्षांतच कर बराच खाली आणावा लागला. पुढे त्याच्याच नावाच्या जेम्सटाउन वसाहतीत जॉन रोल्फने तंबाखू पिकवली आणि व्हर्जिनिया त्या पिकावर तगली. मग राजाने इंग्लंडमध्ये तंबाखू लावायला बंदी घातली, पण ती वसाहतीचा माल आणि त्यावरचे उत्पन्न सांभाळण्यासाठी. तिरस्कार कायम राहिला, तिजोरीचे गणित बदलले. (१६१७ मध्ये जहांगीरनेही तंबाखूवर बंदी घातली, तेव्हा जेम्सचा वकील सर टॉमस रो त्याच्याच दरबारी होता. ती बंदीही टिकली नाही.) १६२५ मध्ये जेम्स वारला, तेव्हा लंडनमधल्या घराघरांत पाइप होता.

त्या बायकोची बाजू आकड्यांनी सिद्ध व्हायला १९८१ साल उजाडले. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा १४ वर्षे मागोवा घेतला. नवरा भरपूर सिगारेटी ओढणारा असेल, तर बायकोचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. तंबाखू कंपन्यांनी या निष्कर्षावर झोड उठवली; पुढच्या अनेक अभ्यासांनी तो उचलून धरला. दोन झुरक्यांच्या मध्ये सिगारेटचे जळते टोक जो धूर सोडते, त्यात काही विषारी द्रव्ये ओढलेल्या धुरापेक्षाही जास्त असतात. भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. घर त्या कायद्याबाहेर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना हा धूर घरातच लागत होता.