संघनिष्ठा एकतर्फी नसते : पळवणकर बाळूंच्या आयुष्याचा धडा

आमच्या समाजातील एखादे पोर मैदानावर चमकू लागले की त्याच्या घरी दोन प्रकारचे सल्लागार येतात. एक सांगतो, गावाचा संघ सोडू नको, लोक स्वार्थी म्हणतील. दुसरा सांगतो, संघाचे लोढणे गळ्यात बांधून घेऊ नको, निवड चाचणीला जा, स्वतःचे नाव कर. वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर असो की हिंगणघाट तालुक्यातील दुसरे कुठलेही गाव असो, कबड्डी, क्रिकेट, सॉफ्टबॉल, बेसबॉल खेळणाऱ्या पोरांपुढे हा पेच उभा राहतोच. शालेय स्पर्धेत प्रमाणपत्र संघाच्या क्रमांकावर मिळते, तर क्रीडा प्रबोधिनीत किंवा जिल्ह्याच्या निवड चाचणीत एकेकट्या खेळाडूला तपासतात. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांनाही हाच प्रश्न सतावतो. शाळेच्या संघाबरोबर राहायचे, की महाविद्यालयांचे निवडकर्ते जिथे येतात तिथे एकट्याने जाऊन दिसायचे? परंतु त्या पोरांना जात विचारली जात नाही. आमच्या पोरांच्या बाबतीत संघ, निष्ठा आणि निवड या तीनही शब्दांच्या मागे जात दबा धरून बसलेली असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही परक्या देशात न शोधता पळवणकर बाळू यांच्या आयुष्यात शोधतो.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला चर्मकार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पळवण, त्यावरून आडनाव पळवणकर. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि बाळूंचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ही भावंडे खेळायला शिकली. पोटासाठी बाळूंनी आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रूळ फिरवण्याचे काम धरले. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. मैदान तयार करणे, जाळी बांधणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. साहेबांनी त्यांच्या हाती चेंडू दिला, पण बॅट दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, असा तो हिशेब होता.

पण त्याच मेहनतीने बाळू घडले. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज. त्याला बाळू तासन्‌तास चेंडू टाकत. डाव्या हाताची संथ फिरकी, टप्प्यावर पक्की हुकमत आणि न थकणारा खांदा! खरे तर ही बाळूंची रोजचीच निवड चाचणी होती. कोणी बोलावले नव्हते, कोणी अर्ज मागवला नव्हता. नोकरीच्या आडून त्यांनी आपला गुण जाणकाराच्या डोळ्यांपुढे ठेवला आणि त्याचा बोलबाला शहरभर झाला.

आता पुण्याच्या हिंदू संघापुढे संकट उभे राहिले. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवा आणि बाळू घ्यायचा तर विटाळ होणार! बरीच खळखळ झाल्यावर बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत हातात घेत. चहाची वेळ झाली की मात्र बाळू बाहेर उभे आणि त्यांचा चहा मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळे. चेंडूला विटाळ नाही, पण कपाला आहे, हे कुठले शास्त्र? मनुवादी व्यवस्थेची हीच खुबी आहे. तिला आमचे हात चालतात, आमचा घाम चालतो, फक्त बरोबरीची पंगत चालत नाही.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश मिळाला, तोही काही सदस्यांचा विरोध पचवून. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि भाऊ शिवरामही त्या संघात होता. साऱ्या देशात आनंदोत्सव झाला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवणाऱ्यांत एक अस्पृश्य आघाडीवर होता, हे सनातन्यांनाही गिळावे लागले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. कर्णधार महाराजांचे लक्ष मेजवान्यांकडे अधिक होते. पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात ८ गडी टिपले. हरणाऱ्या संघातही खेळाडू आपले नाणे कसे खणखणीत वाजवू शकतो, याचा हा धडा आहे. संघ हरतो म्हणून बाळूंनी खांदा सैल सोडला नाही आणि आपले आकडे सुधारावेत म्हणून संघाला वाऱ्यावरही सोडले नाही. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, त्याचे नाव भीमराव आंबेडकर, अशी नोंद इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी केली आहे. स्वतः बाबासाहेबांना त्या काळी बाळूंविषयी किती अभिमान होता, हे यातून कळते.

आता खरा प्रश्न येतो. इतके करूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले का? नाही. वर्षामागून वर्षे गेली, अनुभवाने आणि कर्तबगारीने त्यांच्या तोडीचा दुसरा नव्हता, तरी निवड समितीला नेतृत्वासाठी सवर्णच दिसत राहिला. कर्णधार एम. डी. पै यांनी तर हा मान बाळूंचा होता, अशी जाहीर कबुली दिली. परंतु समितीच्या कानावर जू रेंगाळली नाही. बाळू निमूटपणे संघासाठी घाम गाळत राहिले. त्यांच्या निष्ठेत खोट नव्हती, पण निष्ठेच्या बदल्यात संघाने त्यांना काय दिले? मातीचे भांडे!

१९२० मध्ये हा घडा भरला. चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना वगळले गेले आणि पै उपलब्ध नसताना कर्णधारपदासाठी धाकटे बंधू विठ्ठल यांनाही डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि त्याचे कारण जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडले. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. समितीला नमते घ्यावे लागले. पुढच्या सामन्यासाठी पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, भाऊ संघात आले आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेल्यामुळे बाळूंनी संघाचे नेतृत्वही केले. १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. वर्षानुवर्षांच्या मूक निष्ठेने जे मिळाले नाही, ते एका संघटित माघारीने तीन वर्षांत मिळाले. हे भाऊ एकेकटे रुसून घरी बसले असते, तर समितीने त्यांच्या जागी दुसरे गडी घेतले असते. ते एकत्र उठले आणि कारण सांगून उठले, म्हणून व्यवस्था हलली.

बाळूंच्या आयुष्यातील पुढचे पान आम्ही झाकून ठेवणार नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. धर्मांतराच्या घोषणेला त्यांचा विरोध होता. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या समाजाने मानपत्र दिले, त्याच समाजाच्या नेत्याविरुद्ध त्यांचे नाव वापरले गेले. आमच्या मते ही त्याच एकतर्फी निष्ठेची राजकीय आवृत्ती होती. तरीही त्यांना एका शब्दात गद्दार ठरवणे अन्यायाचे होईल. मैदानावर ज्याने आमच्या माणसाची मान प्रथम उंचावली, तोही बाळूच होता. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी पंधरा धावांच्या आसपास. हे आकडे कुठल्याही समितीला पुसता आले नाहीत.

यातून अल्लीपूरच्या पोरांनी आणि त्यांच्या मायबापांनी काय घ्यावे? पहिले, नोंद ठेवा. कर्णधारपद समिती देते, पण बळी धावफलकावर लिहिले जातात. गावोगावच्या स्पर्धा संपतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी किती गुण घेतले हे कोणालाच आठवत नाही. प्रत्येक संघाने एक वही ठेवावी, प्रत्येक खेळाडूने आपली प्रमाणपत्रे सांभाळावीत. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते कागदावर मिळते, आठवणीवर नाही.

दुसरे, निवड चाचणीला जाणे म्हणजे संघद्रोह नव्हे. तारीख आधी कळवा, आपल्या जागी खेळणारा गडी तयार करा आणि बिनधास्त जा. जो मार्गदर्शक चाचणीची तारीख पोरांपासून लपवतो, तो संघ सांभाळत नाही, स्वतःची ढाल सांभाळतो. उलट संघानेच वर्गणी काढून आपला गुणी खेळाडू वर्ध्याला, नागपूरला पाठवावा. निवड झालेल्यानेही परत येऊन मागच्यांना वाट दाखवावी.

तिसरे, निष्ठेचा हिशेब मागायला लाजू नका. ज्या संघात तुमचा घाम चालतो पण तुमचे नाव चालत नाही, तिथे गप्प राहणे हा सद्‌गुण नाही. एकट्याने आदळआपट करू नका. चार जण मिळून, कारण सांगून, उघडपणे प्रश्न विचारा. विठ्ठल आणि शिवराम यांनी हेच केले. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा बाबासाहेबांचा मंत्र मैदानाच्या चुन्याच्या रेषेपाशी थांबत नाही, तो आतही लागू आहे.