बेचाळिसाव्या वर्षी पदार्पण

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्यासारख्यांना बेसबॉल तसा परकाच. तरीही त्या खेळातील एका गोलंदाजाविषयी (अमेरिकेत त्याला पिचर म्हणतात) मला लिहावेसे वाटते. ज्याची निम्मी कारकीर्द कागदावर नीट उतरलीच नाही, त्याची योग्यता ठरवायची कशी, असा पेच त्याने तेथील जाणकारांपुढे टाकला होता.

लेरॉय ‘सॅचेल’ पेज याचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यातील मोबील या गावी, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहानपणी तो रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या बॅगा वाही. त्यावरूनच ‘सॅचेल’ हे नाव पडले म्हणतात. बाराव्या वर्षी किरकोळ चोरीपायी त्याची रवानगी सुधारगृहात झाली. तिथल्या पाच वर्षांत त्याला चेंडूफेकीचे खरे शिक्षण मिळाले!

१९२६ पासून तो पैसे घेऊन खेळू लागला. पण मेजर लीगचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. तसा लेखी नियम नव्हता, आणि त्याची गरजही कोणाला भासली नाही. मग बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी अशा ठिकाणच्या ‘निग्रो लीग’ संघांतून आणि गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांतून त्याची उमेदीची वीस वर्षे गेली. त्यांतील कितीतरी सामन्यांचे धावफलकच उरले नाहीत. उरल्या त्या आख्यायिका. क्षेत्ररक्षकांना खाली बसवून तो फलंदाजांना बाद करी, असे सांगतात. ऐकायला गोड वाटते. पण दंतकथांवर कोणाची थोरवी सिद्ध करावी, हे मला पटत नाही.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडले. पुढच्याच वर्षी, बेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाल्यावर, पेज क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये उतरला. त्या मोसमात त्याने सहा सामने जिंकले, एकच गमावला. २० ऑगस्टला ७८,३८२ प्रेक्षकांसमोर त्याने शिकागोच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. त्या वर्षीचे अजिंक्यपदही क्लीव्हलँडनेच पटकावले. पुढे १९६५ साली, एकोणसाठाव्या वर्षी, तो आणखी एकदा मैदानात आला. मालकाने गर्दी खेचण्यासाठी योजलेली ती गंमत होती. पण तीन डावांत बोस्टनला एकही धाव मिळाली नाही!

मेजर लीगमधील त्याचा एकूण हिशेब मात्र २८ विजय, ३१ पराभव एवढाच. कूपर्सटाऊनच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी तिथे दहा मोसम खेळलेले असावे लागत; याचे भरले सहा. नियमावर बोट ठेवणाऱ्यांचे म्हणणे तर्काला धरून होते, हे कबूल. पण ज्याला वीस वर्षे उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच्याकडे आतल्या दहा वर्षांचा दाखला मागणे हा कुठला न्याय? माझ्या मते त्या अठ्ठावीस विजयांतच त्याचा पुरावा आहे. ते सगळे बेचाळिशीनंतरचे आहेत. इतर बहुतेक पिचर त्या वयात घरी बसलेले असतात.

१९६६ साली टेड विल्यम्स या गौरवर्णीय फलंदाजाने स्वतःच्या सन्मानाच्या भाषणात पेजचे नाव आवर्जून घेतले. १९७१ मध्ये त्याची निवड झाली. पण बेत होता निग्रो लीगच्या खेळाडूंचा सन्मान वेगळ्या विभागात करण्याचा. म्हणजे पुन्हा निराळी पंगत! त्यावर टीकेची झोड उठली, बेत बदलला आणि ९ ऑगस्ट १९७१ रोजी इतरांच्याच बरोबरीने त्याचा प्रवेश झाला.

८ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटी येथे त्याचे निधन झाले. २०२४ साली मेजर लीगने निग्रो लीगचे उपलब्ध आकडे आपल्या अधिकृत नोंदींत सामील करून घेतले. अठ्ठावीस विजयांचा तो जुना आकडा आता तिथे नाही.